पाळणाघराला कुलूप, आणि आईबापांचा माहितीचा हक्क



सकाळचे आठ वाजले आहेत असें समजा. वडिलांच्या खांद्याला पिशवी, तींत दुधाची बाटली, चार लंगोट आणि धुऊन धुऊन मऊ झालेली एक चादर. आईच्या कडेवर सात महिन्यांचें मूल. दोघांनाही साडेनवाच्या आंत आपापल्या कचेरींत पोहोंचावयाचें आहे. नेहमींचा जिना चढून तीं वर जातात, तों पाळणाघराच्या दाराला कुलूप! कुलपाच्या वर वहींतून फाडलेला एक कागद चिकटविलेला आहे आणि त्यावर लिहिलें आहे, "कांहीं अपरिहार्य कारणामुळें पाळणाघर पुढील सूचनेपर्यंत बंद राहील." काकूंचा मोबाईल बंद. शेजारच्या बिऱ्हाडीं विचारावें, तर त्यांनाही कांहीं ठाऊक नाहीं. किंवा ठाऊक असून सांगण्याचें त्यांच्या मनांत नाहीं.

अशा वेळीं मनांत येणारा पहिला प्रश्न अगदीं व्यवहाराचा असतो: आज मुलाला ठेवावयाचें कोठें? तो प्रश्न कसाबसा सुटतो. दोघांपैकीं एकजण रजा टाकतें, नाहीं तर ठाण्याच्या मावशीला बोलावणें जातें. परंतु संध्याकाळीं मूल निजल्यावर दुसरा प्रश्न डोकें वर काढतो, आणि तो पहिल्यापेक्षां अधिक बोंचणारा असतो. दार आज बंद झालें. पण कालपर्यंत त्या दाराच्या आंत काय चाललें होतें? आजच्या भाषणांत मी ह्या दुसऱ्या प्रश्नाविषयींच बोलणार आहें.

पाळणाघर मधूनच बंद होण्याचीं कारणें नाना प्रकारचीं असतात. काकूंच्या घरीं सुतक असतें, इमारतीची पाण्याची टाकी फुटते, दोन दाया एकदम गांवीं निघून जातात. अशा कारणांबद्दल फार बोलण्याचें प्रयोजन नाहीं. दार केव्हां उघडणार आणि बंद दिवसांचे पैसे कापून मिळणार कीं नाहीं, एवढें कळलें म्हणजे आईबापांचें समाधान होतें. आणि सुतकाच्या घरून तेंही दोन दिवस उशिरां कळलें, तर समजूतदार माणूस बोभाटा करीत नाहीं. खरा प्रश्न उद्भवतो तो दोन प्रकारच्या बंदीमध्यें. एक, साथीच्या आजारामुळें आलेली. आणि दुसरी, तक्रार किंवा चौकशी ह्यांमुळें आलेली. विलक्षण गोष्ट अशी कीं, जीं कारणें कळविण्याची निकड सर्वांत अधिक, नेमकीं तींच "अपरिहार्य" ह्या शब्दाखालीं झांकलीं जातात.

प्रथम आजाराचें पाहूं. गोवराचें उदाहरण घेतों, कारण त्यांत दिवसांचा हिशेब स्पष्ट मांडतां येतो. अंगावर पुरळ दिसूं लागण्यापूर्वीं चार दिवस आणि दिसूं लागल्यानंतर चार दिवस गोवर दुसऱ्याला लागूं शकतो. रोगी खोलींतून निघून गेल्यावरही सुमारें दोन तासपर्यंत त्याचे विषाणु तेथल्या हवेंत टिकूं शकतात. म्हणजे ज्या मुलाच्या अंगावर रविवारीं पुरळ उठला, तें गुरुवारीं-शुक्रवारीं पाळणाघरांत हंसतखेळत होतें, तेव्हांच इतरांना रोग देत होतें.

आतां दुसरी बाजू पहा. सरकारी वेळापत्रकाप्रमाणें गोवर-रुबेलाच्या लशीची पहिली मात्रा मुलाला नऊ महिने पुरे झाल्यावर देतात, आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. इकडे प्रसूतीच्या रजेचा कायदा २०१७ सालीं सुधारला, तेव्हां पहिल्या दोन अपत्यांसाठीं रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. तींतील आठ आठवडेपर्यंत रजा प्रसूतीपूर्वीं घेतां येते. वजाबाकी करून पहा. नोकरी करणाऱ्या आईचें मूल चार ते सहा महिन्यांचें झालें कीं पाळणाघरांत येऊं लागतें, आणि गोवराची पहिली लस त्याला मिळते नऊ महिन्यांनंतर. आईकडून आलेली प्रतिकारशक्ति तोंपर्यंत ओसरूं लागलेली असते. मधले तीन ते पांच महिने तें मूल उघडें असतें. कायद्यानें आईला रजा वाढवून दिली आणि वैद्यकानें मुलाला लस दिली, पण ह्या दोन सुधारणांच्या मध्यें एक फट राहिली आहे, आणि त्या फटींत बसतें तें पाळणाघर.

अशा मुलाचा गोवराशीं संपर्क आला, तर डॉक्टरांपाशीं दोन उपाय असतात आणि दोहोंनाही मुदत आहे. सहा महिन्यांवरील मुलाला संपर्कापासून ७२ तासांच्या आंत लस टोंचली, तर पुष्कळदां रोग टळतो किंवा सौम्य होतो. त्याहून लहान मुलाला सहा दिवसांच्या आंत इम्युनोग्लोब्युलिनचें इंजेक्शन देण्याचा विचार करतां येतो. सातव्या दिवशीं दोन्ही उपाय हातचे गेलेले असतात. गुरुवारच्या संपर्काचे ७२ तास रविवारींच संपले. शुक्रवारच्या दुपारचे सोमवारीं दुपारीं संपतील. तेव्हां "अपरिहार्य कारण" म्हणजे गोवर होय, हें काकूंनीं सोमवारीं सकाळीं सांगितलें कीं पुढच्या सोमवारीं, हा केवळ सौजन्याचा प्रश्न नव्हे. आणि हें उदाहरण पुस्तकी आहे असेंही कोणी समजूं नये. २०२२ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत मुंबईच्या गोवंडी भागांत गोवराची साथ उसळली होती, आणि त्या वेळीं साथीच्या वस्त्यांत सहा ते नऊ महिन्यांच्या मुलांनाही एक जादा मात्रा देण्याचें ठरवावें लागलें होतें.

अशा प्रसंगीं आईबापांना कळावयास पाहिजे तें थोडकेंच आहे: रोगाचें नांव, तो डॉक्टरांनीं ठरविला कीं नुसता संशय आहे, आजारी मूल शेवटचें कोणत्या दिवशीं आलें होतें, आणि तें कोणत्या खोलींत असे. मुलाचें नांव ह्यांत येत नाहीं. त्याची गरजही नाहीं.

ही माहिती मागण्यास आधार कोणता, असें कोणी विचारील. फी भरणारे आईबाप कायद्याच्या भाषेंत "ग्राहक" होत. शब्द कानाला बरा लागत नाहीं; मूल म्हणजे कांहीं गिरणींत दळावयास टाकलेलें धान्य नव्हे. पण ह्या रुक्ष शब्दांत मोठें संरक्षण आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० रोजीं अंमलांत आला. सेवेंतील त्रुटि म्हणजे काय, ह्याची व्याख्या त्यानें रुंदावली आणि तींत स्पष्ट शब्दांनीं भर घातली कीं, ग्राहकाच्या उपयोगाची संबंधित माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणें ही देखील त्रुटिच होय. "जाणूनबुजून" हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. काकूंनाच जर ठाऊक नसेल कीं मुलाला काय झालें, तर दोष त्यांच्याकडे येत नाहीं. आणि घाईगर्दींत सांगावयाचें राहून गेलें, असेंही त्यांना म्हणतां येतें. म्हणून आईबापांनीं पहिलें काम करावयाचें तें लेखी विचारण्याचें. चार ओळींचें पत्र, किंवा मोबाईलवरील संदेशही चालेल, मात्र तो जपून ठेवावा. प्रश्न हातीं पडल्यानंतर जें मौन राहतें, त्याला विसर म्हणणें कठीण जातें.

प्रकरण तेवढ्यानें न मिटलें, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते. आणि तीही तक्रारदार जेथें राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यांत. पांच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाहीं. त्यापूर्वीं १९१५ ह्या क्रमांकावरील राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर विचारून पहावें. एक अडचण मात्र सांगून ठेवतों. २०२० च्या जानेवारींत राष्ट्रीय ग्राहक आयोगानें असा निर्णय दिला कीं, शिकवणीचे वर्ग सोडून इतर शिक्षणसंस्था ह्या कायद्याच्या कक्षेंत येत नाहींत. त्यामुळें ज्या पाळणाघराच्या पाटीवर "शाळा" हा शब्द आहे, तें ह्या निर्णयाची ढाल पुढें करील. दहा महिन्यांच्या मुलाला तेथें कोणतें शिक्षण मिळत होतें, हें मग त्यानेंच सांगावें. माझ्या मतें सांभाळणें आणि शिकविणें हीं दोन कामें वेगळीं आहेत, आणि पावती कोणत्या कामाची फाडली आहे हें पाहिलें पाहिजे.

कचेरीनें किंवा कारखान्यानें ठेवलेल्या पाळणाघराची गोष्ट निराळी. ५० किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं पाळणाघराची सोय करण्याचें बंधन २०१७ च्या त्याच सुधारणेनें घातलें, आणि तेंच पुढें २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत आलें. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आहे. आईला दिवसांतून चार वेळां मुलाकडे जाण्याची मोकळीक आहे. सोय बाहेरच्या संस्थेकडून करून घेतां येते, आणि येथेंच गोंधळ सुरू होतो. पाळणाघर बंद झालें कीं व्यवस्थापक म्हणतो, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणतो, आमचा करार कंपनीशीं आहे. ह्या टोलवाटोलवींत आईनें पडूं नये. कायद्यानें बंधन घातलें आहे तें मालकावर, आणि उत्तर त्याच्याकडेच मागावें. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २०१८ सालीं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत पाळणाघरावर देखरेख करणाऱ्या समितींत पालकांचे प्रतिनिधि असावेत असें म्हटलें आहे. किती कचेऱ्यांत ती समिति कधीं बसते, हें श्रोत्यांनीं आपापल्या ठिकाणीं विचारून पहावें.

आतां त्याहून नाजूक प्रकाराकडे वळतों. २०१६ सालच्या नोव्हेंबरांत नवी मुंबईंतील खारघर येथें एका पाळणाघरांत दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाल्याचें कॅमेऱ्याच्या चित्रणावरून उघडकीस आलें. त्या बातमीनें महाराष्ट्रांतील किती आयांची झोंप उडाली, हें सांगावयास नको. अशा घटनेनंतर पाळणाघराचें दार बंद होतें, पोलीस येतात, आणि इतर मुलांचे आईबाप बाहेर रस्त्यावर उभे राहतात. आपल्या मुलाला कांहीं झालें आहे काय, हें त्यांना कोणी सांगत नाहीं, कारण "चौकशी चालू आहे."

इंग्लंडांत ह्या प्रश्नाचा विचार बराच नेटका झालेला आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतों. तेथें २००६ च्या बालसंगोपन कायद्याखालीं मुलें सांभाळणाऱ्या संस्थांची नोंदणी ऑफस्टेड ह्या सरकारी तपासणी खात्याकडे होते. एखाद्या ठिकाणीं मुलें ठेवणें चालूं दिल्यास त्यांना अपाय होण्याचा धोका आहे, असें त्या खात्याला सबळ कारणानें वाटलें, तर तें नोंदणी तात्पुरती स्थगित करतें. ही स्थगिति प्रथम सहा आठवड्यांची असते. चौकशी तेवढ्यांत न आटोपल्यास ती वाढवितां येते. कारणें चालकाला लेखी द्यावीं लागतात आणि तो स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे दाद मागूं शकतो. स्थगितीच्या काळांत मुलें सांभाळणें हा गुन्हा आहे. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, स्थगिति म्हणजे शिक्षा नव्हे आणि दोषाचा निकालही नव्हे. धोका आहे कीं नाहीं हें पाहीपर्यंत मुलांना बाजूला काढावयाचें, एवढाच तिचा अर्थ.

मग आईबापांना काय कळतें? तेथील कायद्यानें तीन धागे बांधून ठेवले आहेत. स्थगितीची वार्ता तपासणी खात्यानें स्थानिक नगरसंस्थेला द्यावयाची असते, आणि जवळपास दुसरी कोणती सोय आहे ह्याची माहिती पालकांना पुरविणें हें नगरसंस्थेचें कर्तव्यच आहे. म्हणजे सकाळीं आठ वाजतांचा तो पहिला प्रश्न एकट्या आईच्या गळ्यांत पडत नाहीं. दुसरें, नोंदणी झालेल्या संस्थांविषयींची विहित माहिती पालकांना निवड करण्यास साह्य व्हावें आणि मुलांचें अपायापासून रक्षण व्हावें म्हणून उपलब्ध करून देण्याचा अधिकार त्या खात्याला कायद्यानेंच दिला आहे. तिसरा धागा चालकाच्या गळ्यांत आहे: तपासणीचा अहवाल त्यानें पालकांना दिला पाहिजे, आणि त्यांच्या लेखी तक्रारीची चौकशी करून २८ दिवसांच्या आंत निष्कर्ष कळविला पाहिजे.

आपल्याकडे खाजगी पाळणाघरांची अशी एकच देशव्यापी नोंदवही नाहीं. त्यामुळें दार कोणाच्या हुकुमानें बंद झालें, हें शोधण्यापासूनच सुरुवात करावी लागते. पोलीस, महानगरपालिकेचें आरोग्य खातें, अग्निशमन दल, ह्यांपैकीं कोणीही असूं शकतें. पण हुकूम सरकारी असेल, तर २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा हातीं येतो. त्याच्या चौथ्या कलमांत एक छोटें वाक्य आहे, आणि फारच थोडे लोक त्याचा उपयोग करतात. प्रशासकीय निर्णयाचीं कारणें त्या निर्णयाची झळ लागणाऱ्या व्यक्तींना देणें हें सरकारी संस्थेचें कर्तव्य आहे, असें तें वाक्य सांगतें. पाळणाघर बंद करण्याच्या निर्णयाची झळ चालकाइतकीच त्यांतील मुलांच्या आईबापांना लागते, हें कोणता अधिकारी नाकारील? दहा रुपये भरून अर्ज करतां येतो. उत्तराची मुदत ३० दिवस, आणि कोणाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. शिवाय खाजगी संस्थेविषयींची जी माहिती सरकारी खातें दुसऱ्या एखाद्या कायद्याखालीं मागवूं शकतें, तीही ह्या अर्जानें मिळवितां येते.

"चौकशी चालू आहे" हें उत्तर मिळालें तर? चौकशींत अडथळा येईल अशी माहिती नाकारण्याची मुभा कायद्यांत आहे, परंतु अडथळा येईल हें दाखवावें लागतें. नुसती चौकशी चालू असणें हें नकाराला पुरेसें कारण नव्हे, असें दिल्ली उच्च न्यायालयानें २००७ सालीं सांगितलें आहे. कागदांतील जेवढा भाग देण्याजोगा नसेल तेवढा वगळून बाकीचा द्यावा, अशीही तरतूद आहे.

ह्या हक्काला एक कुंपण मात्र आहे, आणि तें योग्य ठिकाणीं आहे. ज्या मुलावर अत्याचार झाला त्याची ओळख पटेल असें कांहींही प्रसिद्ध करण्यास २०१२ चा पॉक्सो कायदा आणि २०१५ चा बाल न्याय कायदा ह्या दोहोंनीं बंदी केली आहे. घाबरलेले आईबाप व्हॉट्सॲपच्या गटावर मुलीचें नांव, फोटो, इमारतीचा पत्ता पाठवितात. त्यांच्या मनांत वाईट कांहीं नसतें, तरीही तो गुन्हा होऊं शकतो. उलट, लैंगिक अत्याचाराची माहिती कानीं आल्यावर संस्थेच्या चालकानें पोलिसांना न कळविणें ह्यालाही एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे. म्हणजे चालकानें पोलिसांशीं बोललेंच पाहिजे आणि जगाशीं बोलूं नये. आपल्याच मुलाविषयीं प्रश्न असेल, तर मात्र आईबापांपासून कांहींही लपविण्यास हें कुंपण कामास येत नाहीं.

येथवर मी पाळणाघर चालविणाऱ्या काकूंना जणूं आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. दोन खोल्यांच्या जागेंत आठ-दहा मुलें सांभाळणाऱ्या ह्या बायकांचा सारा संसार त्या फीवर चालतो. "आमच्याकडे गोवर निघाला" असें त्यांनीं सांगितलें, तर महिन्याच्या अखेरीस निम्मीं मुलें दुसऱ्या पाळणाघरांत गेलेलीं असतात. आणि तेथें गोवर निघालाच नाहीं असें नव्हे, तेथल्या काकूंनीं सांगितलें नाहीं एवढेंच. प्रामाणिकपणाची किंमत जोंवर एकट्या प्रामाणिक बाईनेंच भरावयाची आहे, तोंवर कुलपावरचा कागद बदलणार नाहीं. हा दोष आपणां पालकांचाही आहे.

ह्यावर एक साधा उपाय मूल घालतांनाच करतां येतो. प्रवेशाच्या अर्जावर फीचा आंकडा आणि सुट्यांची यादी असते. त्याखालीं चार ओळी वाढवून घ्याव्या. साथीचा रोग आढळल्यास त्याचें नांव त्याच दिवशीं कळवूं. सरकारी हुकुमानें बंद करावें लागल्यास हुकूम कोणत्या खात्याचा हें सांगूं. बंद दिवसांच्या फीचें अमुक करूं. आणि त्याच्या जोडीला पालकांच्या बाजूनें एक ओळ: खरें कारण कळविल्याबद्दल मूल काढून नेणार नाहीं, निदान महिन्याची नोटीस देऊं. कोरा कागद पुढें ठेवून हें बोलणें सुरुवातीला जितकें सोपें असतें, तितकें कुलपासमोर उभें राहून होत नाहीं.

अशा बोलीवर चालणाऱ्या पाळणाघराच्या दारावर त्या सोमवारीं कोणता कागद असता? मीं तो लिहून पाहिला आहे:

"शुक्रवारीं दुपारपर्यंत आमच्याकडे आलेल्या एका मुलाला गोवर झाल्याचें डॉक्टरांनीं काल संध्याकाळीं सांगितलें. तें मूल लहान मुलांच्या खोलींत होतें. आपलें मूल नऊ महिन्यांच्या आंतील असेल किंवा त्याची लस राहिली असेल, तर आज दुपारपूर्वीं डॉक्टरांना दाखवा. पाळणाघर आजपासून बंद आहे. केव्हां उघडावयाचें हें डॉक्टरांना विचारून गुरुवारीं संध्याकाळीं सर्वांना कळवूं. मुलांचीं औषधें व कपडे रोज दहा ते अकरा ह्या वेळांत खालीं मिळतील. बंद दिवसांची फी पुढच्या महिन्यांत वळती करूं. माझा मोबाईल चालू आहे."